आकड्याच्या जागी चांदणी

"मिस व्हर्लीन, एवढा फॉर्म तयार ठेवा. आई अकरा वाजता येतेय. सही झाली की लगेच नाव कमी करून टाका," मुख्याध्यापक डॉ. हेल म्हणाले आणि कागद काउंटरवर टाकून वळलेसुद्धा.

व्हर्लीन टब्सने चष्मा नाकावर नीट बसवला. शाळेच्या नोंदणी विभागात तिची एकतीस वर्षे गेली होती, पण असला फॉर्म वर्षाच्या या दिवसांत तिने पाहिला नव्हता. 'स्वेच्छेने आपल्या भागातील शाळेत परत.' खाली नाव होते केझाया मोब्ली, अकरावी.

"डॉक्टर हेल, थांबा जरा. पोरगी नापास झालीय?"

"नाही."

"चारपैकी सरासरी दोनच्या खाली गेली तर काढायचं, असा नियम. हिची दोन पूर्णांक तीन आहे. म्हणजे तुम्हाला काढता येत नाही, म्हणून तिनं आपणहून जायचं. असंच ना?"

डॉ. हेल परत आले. त्यांनी दार लोटले. माणूस वाईट नव्हता, आणि व्हर्लीनची पंचाईत नेमकी तीच होती.

"अकरावीत आपली पोरं किती आहेत?" त्यांनी विचारले. 'आपली' म्हणजे कृष्णवर्णीय. ते स्वतःही तसेच आणि व्हर्लीनही.

"दहा."

"दहा असले की राज्याच्या अहवालात टक्के छापून येतात. नऊ असले तर आकड्याच्या जागी चांदणीची खूण. एवढ्या थोड्या पोरांत कुणाचे किती मार्क ते लोक ओळखतील, म्हणून. आता सराव परीक्षेचं ऐका. दहातली चार पास झाली. गोऱ्यांची ओळ ब्याण्णव, आशियाई पोरांची शहाण्णव आणि खाली आपली चाळीस! पेपरवाले सोडतील? शहराच्या शिक्षण बोर्डावरची ती तिघं तर टपूनच बसलीत. म्हणतील, यांना झेपत नाही तर घेताच कशाला? मी चांदणी मागतोय ती याच पोरांसाठी."

"त्यातल्या एकीला घालवून."

"परीक्षा मंगळवारी आहे, मिस व्हर्लीन. माझ्यापाशी दुसरा उपाय नाही."

ते आत गेले. व्हर्लीनला राग आला, आणि राग आला की ती हमखास काउंटर पुसायला घ्यायची. तिने तो दोनदा पुसला.

ही इमारत एके काळी इथल्या कृष्णवर्णीय वस्तीची शाळा होती. व्हर्लीन याच शाळेत शिकली, इथूनच बारावी झाली. मग बोर्डाने शाळा बंद केली, भिंती रंगवल्या, संगणकांच्या आणि यंत्रमानवांच्या प्रयोगशाळा थाटल्या आणि दारावर 'टेक्नॉलॉजी मॅग्नेट हायस्कूल' अशी पाटी लावली. आता सगळ्या शहरातून प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडायची. नवे शिक्षक आले, नवे मुख्याध्यापक आले, पण जुन्या नोंदींचे दप्तर कुणालाच उलगडेना. ते फक्त व्हर्लीनला उलगडायचे, म्हणून तिला ठेवून घेतले. "खुर्च्या-टेबलांबरोबर मलाही फुकटात पदरात पाडून घेतलंय यांनी," असे ती हसत सांगायची. समोरच्या गल्लीतली पोरे मात्र रोज सकाळी या दारावरून बसने पुढच्या शाळेत जायची. अर्ध्याहून जास्त शहर कृष्णवर्णीय आणि अकरावीच्या एकशे चाळीस मुलांत त्यांची दहा. तीही आता नऊ करायची होती.

रोशेल मोब्ली अकराला पाच कमी असताना आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यातला निळा गणवेश, हात गरम पाण्याने लालसर झालेले. डॉ. हेल आत फोनवर होते.

"सही कुठे करू, मॅडम? तासाभराचीच सुट्टी मिळालीय."

"वाचलंत का?"

"मी काय वाचणार? साहेब फोनवर म्हणाले, पोरीच्या भल्याचं आहे. शाळेनं लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल."

व्हर्लीनच्या काळजाला ते टोचले. तिने पेन पुढे केले नाही. उलट तळहात सपाट फॉर्मवर ठेवला.

"यात 'स्वेच्छेने' लिहिलंय. तुमची आहे का इच्छा?"

रोशेल गोंधळली. "म्हणजे? नाही म्हटलं तर चालतं?"

"चालतं."

"तिला काढणार नाहीत?"

"नियमानं कुणाच्या बापाला काढता येत नाही."

"मग हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"मी सांगतेय ना."

रोशेल खुर्चीत टेकली. "रसायनशास्त्रापायी रडते हो घरी. मी एकदा म्हटलं, दे सोडून, बाळा. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पहाटे पाचला मला उठवावं लागत नाही तिला. दोन बस बदलून येते, पण एक दिवस चुकवत नाही."

दार उघडले. डॉ. हेल हसतमुखाने म्हणाले, "या, मिसेस मोब्ली."

"येते की, डॉक्टर. बसून बोलू. माझ्या पोरीला रसायनशास्त्र कोण समजावून देणार, तेही विचारायचंय," रोशेल उठत म्हणाली. "पण सही नाही करणार मी."

डॉ. हेलनी तिच्याकडे पाहिले नाही. व्हर्लीनकडे पाहिले. व्हर्लीनने फॉर्म उचलला, मधोमध फाडला आणि टोपलीत टाकला.

शुक्रवारी व्हर्लीनच्या बदलीचे पत्र आले. सोमवारपासून बोर्डाच्या पाठ्यपुस्तकांच्या गोदामात. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. दुपारी केझाया काउंटरपाशी येऊन उभी राहिली. दप्तराचा पट्टा मुठीत धरलेला.

"आईनं सगळं सांगितलं. मिस व्हर्लीन, मंगळवारी मी नापास झाले तर? लोक म्हणतील, हिच्यासाठी त्या बाईंनी एवढं केलं!"

"म्हणू देत. नापास हो नाहीतर पास हो, पोरी, पण इथे बसून हो. ही जागा तुझी आहे. कुणाच्या अहवालासाठी ती रिकामी करायची नाही."

"मला खरंच भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. गोदामात उंदीर आहेत म्हणे."

पोरगी हसली आणि तासाला गेली.

ऑक्टोबरात अहवाल आला. गोदामात चालकांसाठी रोजचा पेपर यायचा, त्यात पहिल्याच पानावर मोठा तक्ता होता. कृष्णवर्णीय, अकरावी: विद्यार्थी दहा, उत्तीर्ण चाळीस टक्के. बोर्डाच्या सभेत आदल्या रात्री खूप आरडाओरडा झाला होता. त्या तिघांनी जे म्हणायचे ते म्हटलेच. पण पालकही उठले होते, आणि धुलाईखान्यातल्या एका बाईने विचारले होते की तीन वर्षे ही मुले तुमच्याकडे आहेत, तर शिकवले काय? वार्ताहराने तिचा तो प्रश्न तक्त्याखाली ठळक छापला होता.

केझाया पास झालेल्या चौघांत नव्हती. रोशेलने व्हर्लीनला फोनवर ते आधीच सांगितले होते. पोरगी आता बारावीत होती, त्याच शाळेत.

ट्रकवरचा लेरॉन व्हर्लीनच्या खांद्यावरून वाचत होता. "चाळीस! तुम्ही यासाठी शाळेतल्या नोकरीवर पाणी सोडलंत? लाज नाही वाटत हे वाचताना?"

"वाटते," व्हर्लीन म्हणाली. "म्हणून तर छापायला हवं होतं."

तिने पेपरची घडी घातली नाही. तक्त्याचे पान वर करून तो कॉफीच्या यंत्राशेजारी ठेवला, जिथे सगळे चालक रांगेत उभे राहत, आणि भूमितीच्या पुस्तकांचे खोके उघडायला आत गेली.