कपाळ नीट टेका

ओसाकाच्या एका चॅनेलवर मी मेकअपवाली आहे. नवे धंदेवाले भांडवल मागायला येतात, त्या कार्यक्रमात मला सक्त ताकीद आहे: परीक्षकांचा घाम टिपायचा, धंदेवाल्यांचा नाही. तो चमकला पाहिजे म्हणे. शी!

काल निशिगाकी नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. हात थरथरणाऱ्यांना स्वतः जेवता यावं म्हणून त्यांनी जाड, खाचा पाडलेल्या जेवायच्या काड्या बनवल्यात. परीक्षक उसामी साहेब खदाखदा हसले. "आजी, काड्या आहेत की बेसबॉलची बॅट?" म्हणत त्यांनी त्या जमिनीवर फेकल्या. बाईंनी गुडघे टेकले, जमिनीला कपाळ लावून विनवलं. डायरेक्टर ओरडला, "कपाळ दिसलं नाही, परत!" असं तीनदा झालं. वर बाईच म्हणाल्या, "माफ करा हं, माझंच चुकतंय."

शूटिंग संपल्यावर उसामी माझ्या कानाशी लागले. "त्या काड्या गुपचूप माझ्या गाडीत ठेव. आईला घास उचलता येत नाही गं."

मी त्यांच्या कपाळावरची पावडर खसकन पुसली.

"बाई बाहेर बसल्यात. जा, मागा. फक्त कपाळ नीट टेका, साहेब."