उलट्या यादीतली पहिली पिशवी

रक्तपेढीचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ती प्रोग्रामर त्या दिवशी सुट्टीवर होती, पण तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा गार झाला, पुस्तक उघडं पडलं. शेवटी सासरे म्हणाले, "सूनबाई, बस की जरा. तुला बघून मलाच दम लागला."

काय खुपतंय ते तिलाही उमगत नव्हतं. आदल्या सकाळी तिने एक साधासा बदल केला होता. रक्ताच्या पिशव्यांची यादी मुदतीच्या क्रमाने लावलेली असे. लवकर संपणारी पिशवी सगळ्यात वर, आणि मागणी आली की तीच आधी द्यायची. डॉक्टरांना पडद्यावर ताज्या पिशव्या वर हव्या होत्या, म्हणून तिने यादी उलटी करून दिली. तिचे ऑफिसातले साहेब खूश झाले.

भांडी पुसता पुसता ते तिच्या लक्षात आलं. पिशवी निवडणारा कोड डोळे मिटून यादीतली पहिली उचलत होता. उलट्या यादीत पहिली म्हणजे सगळ्यात ताजी. जुन्या तशाच पडून राहणार.

साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, कुणाची तक्रार नाही, उद्या बघू. मग तिने रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना फोनवर गाठलं. कालपासून ताज्याच पिशव्या निघताहेत, असं त्यांनी सांगितलं; त्यांना वाटलं होतं, नवीन नियम आला असेल.

"आज मुदत संपणाऱ्या आहेत का फ्रिजमध्ये?"

"आहेत थोड्या. एक दुर्मिळ गटाची पण आहे."

जुन्या पिशव्या आधी हाताने काढून द्या, अशी विनवणी करून ती लॅपटॉप घेऊन ओट्यापाशीच बसली. वायर पुरेना, तेव्हा सासऱ्यांनी न विचारता एक्स्टेंशन बोर्ड आणून दिला. उलटी यादी तिने फक्त पडद्यापुरती ठेवली. निवड पुन्हा मूळ यादीतून करायला लावली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. बाकीच्या पिशव्या कामी आल्या, दुर्मिळ गटाची मात्र वाया गेली. त्या गटाची मागणी काल दुपारीच आली होती, पण तेव्हा ताजी पिशवी गेली.

घडल्या चुकीबद्दल तिने अहवाल लिहायला घेतला. रुग्णाला काही झालं नाही ना, मग अहवालात ती पिशवी कशाला, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

"कुणीतरी हात पुढे करून ते रक्त दिलं होतं, सर," ती म्हणाली, आणि तिने ते लिहिलं.

अहवाल गेला तरी तिला बसवेना. चपला घालून ती रस्त्यावर चालत सुटली.