पट्टी मारण्याआधी

मी एका जुन्या गाडीचा मागचा आस आहे, मित्रांनो. आस म्हणजे मागच्या दोन चाकांमधला जाड लोखंडी दांडा. गॅरेजमध्ये मला एक्सल म्हणतात. गाडी घेताना लोक दारं उघडून बघतात, हॉर्न वाजवून बघतात, आरशात स्वतःचं तोंडही बघून घेतात. खाली वाकून माझी विचारपूस मात्र कुणी करत नाही. तक्रार नाही माझी, पण सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद होईपर्यंत तापलो, घणाखाली ठोकून निघालो आणि काळा रंग लेवून गाडीखाली बसलो. चार माणसं आणि त्यांच्या चार पिशव्या वाहायच्या, एवढंच माझं काम ठरलं होतं. पण नशिबात काचवाला होता.

काचवाला म्हणजे खिडक्यांना काचा बसवणारा. त्याने मागची सीट काढून काचा उभ्या ठेवायला लाकडी चौकट बसवली, उजवीकडे कललेली. गाडी त्याची बायको चालवायची. हा पठ्ठ्या मागे, उजव्या चाकाच्या अगदी वर, काचांना खांदा लावून बसायचा.

"अहो, दोरीने बांधा की," ती म्हणायची.

"दोरीला काय कळतंय? काच आधी थरथरते, मग फुटते. थरथर अंगालाच कळते."

खोटं नव्हतं ते. त्याच्या खांद्याशी एकही काच फुटली नाही. पण काचांचा भार उजवीकडे, हा भरभक्कम गडीही उजवीकडे, तोही वर्षानुवर्षं! माझी डावी बाजू मजेत राहिली आणि उजवी पार खचली. तरी तो मला आवडायचा. रस्ताभर गुणगुणायचा, आणि त्याचा खर्जातला सूर पत्र्यातून माझ्यापर्यंत यायचा.

एकदा एका दुकानाचा भलाथोरला आरसा नेताना चाक खड्ड्यात आदळलं. आरशाला ओरखडाही आला नाही. दुकानदाराने काचवाल्याची पाठ थोपटली. मला मात्र खालच्या अंगाला बारीक चीर गेली. वर चिखल बसला आणि ती झाकली गेली. दर खड्ड्याला ती केसभर पुढे सरकायची. मला कळत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

मग एक मोठं वादळ झालं. टेकडीवरच्या शाळेच्या सगळ्या खिडक्या फुटल्या. उद्या शाळा भरायच्या आत काचा बसवतो, असा शब्द काचवाल्याने शाळेच्या बाईंना देऊन टाकला. काचा कापून तयार होत्या. त्या गाडीत चढवण्याआधी नवराबायको चाकांत हवा भरायला गॅरेजमध्ये आले, आणि मिस्त्रीने मागचं उजवं चाक बघून कपाळाला हात लावला. चाक वरून आत कललं होतं. टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झाला होता.

गाडी ठोकळ्यांवर चढली. तिघंही खाली वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणीतरी बघत होतं.

"एक्सल बसलाय," मिस्त्री म्हणाला.

"मग खालून लोखंडाची पट्टी मारा. चांगली जाड मारा," काचवाला म्हणाला.

"नुसता वाकला असेल तर पट्टी चालेल, दादा. तडा असेल तर किडक्या दाराला रंग दिल्यासारखं होईल. तडा आत वाढत राहणार आणि वरून सगळं छान दिसणार."

"मग नवा टाका!"

"एवढ्या जुन्या गाडीचा एक्सल काय फळीवर ठेवलेला असतो? मागवावा लागेल. दोन-तीन दिवस जातील."

"म्हणजे पोरं वाऱ्यात कुडकुडणार? मी शब्द दिलाय. मारा पट्टी, माझ्या जबाबदारीवर."

खरं सांगू? मलाही पट्टीच हवी होती. पट्टी म्हणजे गाडीखाली राहणं. नवा आस आला की माझी रवानगी भंगारात. पण शाळेचा चढ मला ठाऊक होता. तिथे मी मोडलो तर गाडी उजवीकडे बसणार आणि सगळ्या काचा उजवीकडेच कोसळणार, थेट त्याच्या अंगावर. मला जगायचंही होतं आणि भीतीही वाटत होती.

मिस्त्री कुरकुरला, पण पट्टी कापली. वेल्डिंगचं यंत्र घुमायला लागलं. त्याने मुखवटा खाली ओढला. कांडी माझ्याजवळ आली.

"थांबा!" बायको म्हणाली. "गाडी मी चालवणार आणि मागे हे बसणार. तडा नाही हे आधी मला डोळ्यांनी बघू दे."

"अगं, लोखंड आहे ते. काच नाही."

"काच असती तर तुम्हीच दहादा उजेडात धरून बघितली असती."

मिस्त्रीने मुखवटा वर केला. पडत्या फळाची आज्ञाच मिळाली त्याला. "रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडूची भुकटी टाकायची. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं, भुकटीवर रेघ उठते. पण वहिनी, माझ्याकडे खडू नाही."

"आमच्याकडे तोटा नाही," ती म्हणाली. काच चौकटीत पक्की करायला लांबी नावाचा लगदा लागतो. तो ती घरीच खडूची भुकटी तेलात मळून करायची. गाडीत डबा होताच.

चिखल खरवडला गेला. रॉकेल लागलं, पुसलं गेलं. भुकटी माझ्यावर भुरभुरली. तिघंही श्वास रोखून बघत राहिले. पांढराशुभ्र मी, रेघ नाही की डाग नाही.

"बघितलंस? उगाच खोळंबा," काचवाला म्हणाला. "करा सुरू."

तेवढ्यात उजवीकडे एक ओलसर दोरा उमटला. हळूहळू तो लांबत गेला.

"वरवरचा असेल," काचवाला म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मिस्त्रीने वाद घातला नाही. मला काढून दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला आणि घण काचवाल्याच्या हातात दिला. "धड असेल तर घणाला दाद देणार नाही. मग आत्ता पट्टी मारून देतो."

पहिला घाव मी सोसला. त्याच्यासाठी सोसला, की स्वतःसाठी, कोण जाणे. दुसऱ्या घावाला माझे दोन तुकडे झाले.

मोडलेल्या तोंडावर जवळजवळ सगळीकडे जुना तांबूस गंज होता. फक्त वरच्या कडेला ताजं, चकचकीत लोखंड होतं. तेवढंच आजवर धरून होतं. काचवाल्याने त्यावर बोट ठेवलं. चकचकीत भाग बोटाखाली झाकून गेला.

"एवढ्यावर मी बसत होतो?" तो म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला. बायको त्याच्याशेजारी बसली. मग तो उठला आणि काचा उशिरा येतील हे सांगायला शाळेची वाट चढू लागला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी मुकाट्याने भार वाहत असेल. ते खचलेलं दिसलं तर लगेच वरून पट्टी मारू नका. आधी वाकून बघा, कुठे दुखतंय ते शोधा, आणि भार कमी करता येतो का तेही विचारा.

मी आता भंगारात पडलोय, दोन तुकड्यांत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या संध्याकाळी तो चढ तो माणूस स्वतःच्या पायांनी चढला आणि स्वतःच्या पायांनी उतरून घरी गेला.