सात मिनिटं पुढे

कारखान्यातली एकतीस घड्याळं माझ्या ताब्यात. कामगार मला टिकटिक म्हणतात, म्हणोत बापडे. बावीस वर्षांत एकही घड्याळ दुसऱ्याच्या मागेपुढे गेलेलं नाही.

त्या दिवशी मी एसीची जाळी बसवायला सर्व्हरच्या खोलीत शिडीवर चढलो होतो. खाली माझी मुलगी काम करत होती. इथे नोकरीला लागताना तिची एकच अट होती, नातं कुणाला सांगायचं नाही, वशिल्याचा शिक्का नको. म्हणून मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती मला इतरांसारखी काका. घरी जेवताना यावरून आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

सगळ्या खात्यांची पत्रं, फायली, मीटिंगा एका जागी आणणारा नवा सर्व्हर ती एकटी बसवत होती. मुख्य सॉफ्टवेअर चढवण्याआधी करायच्या कामांची यादीच तीन पानी. डिस्कवर जागा, अपडेट, सुरक्षेची प्रमाणपत्रं. एकेक काम उरकून ती पेन्सिलीने खूण करत होती. शिडीवर माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या ओळीवर घोडं अडलं. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड जुन्या सर्व्हरवर, आणि तो नव्याला ओळखच देईना. मॅनेजरसाहेब दारात येऊन उभे राहिले.

"साडेबाराच्या सुट्टीपर्यंत ही यादी संपली नाही, तर बाहेरच्या कंपनीला बोलावतो. पुढची कामंही मग त्यांनाच."

"तीनदा तपासलंय सर. माशी कुठे शिंकली तेच कळत नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

मी सवयीने दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यांतल्या वेळा पाहिल्या. जुन्यावर बारा दहा, नव्यावर बारा तीन. पण नवा मागे नव्हता, हे तिथे फक्त मलाच माहीत होतं.

लोक वेळेवर यावेत म्हणून जुन्या मालकांनी माझ्याकडून सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे करून घेतली होती. पुढे सर्व्हर आला, तेव्हा त्याचीही वेळ मी तशीच लावून घेतली. मोबाइल आणि मनगटी घड्याळं फाटकावर जमा होतात. घरी जाताना कुणी बोललंच, तर मी त्याच्या मोबाइललाच नावं ठेवायचो. मालक वारले आणि गुपित माझ्यापाशी राहिलं. आता गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती, तिची गेली असती.

मी खाली उतरलो. "साहेब, मॅडमची चूक नाही. नव्याची वेळ बरोबर आहे. कारखान्यातलं प्रत्येक घड्याळ मी सात मिनिटं पुढे ठेवलंय, आणि हा जुना सर्व्हरही."

माझं बोलणं संपण्याआधीच तिची बोटं चालू झाली होती. "पाच मिनिटांहून जास्त फरक असला की हे दोघं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत," ती म्हणाली. तिने जुन्याची वेळ सुधारली आणि जोडणी पुन्हा चालवली. या वेळी ती झाली. तिने शेवटची खूण केली.

साहेब माझ्याकडे वळले. "आणि या काकांचं काय करू मी?"

ती उभी राहिली. "सर, ते माझे बाबा आहेत. संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस घड्याळं बरोबर करतील." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, फाटकापासून सुरुवात करा."

मी शिडी खांद्यावर घेतली. फाटकापर्यंत जो जो भेटला, त्याला थांबवून सांगितलं, नवा सर्व्हर माझ्या मुलीने बसवलाय.