तळघरातले अंगठे

माझ्या दोन्ही सुनांचं एकमेकींशी पटत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. थोरलीने डबा डावीकडे ठेवला की धाकटी तो उजवीकडे सरकवणार. धाकटीने खिडकी उघडली की थोरलीला लगेच वारा बाधणार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या स्वयंपाकघरात राहतात, आणि दिवसभर खणखणत असतात. मी काही मऊ सासू नव्हे. दोघींना पुष्कळ बोलून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सांगितलं, भांडा बायांनो, पण हळू भांडा, मला रेडिओ ऐकू येत नाही.

तर अशा या घराच्या तळघरात भेग निघाली. धाकटा मुलगा सायकलचं जुनं चाक शोधायला खाली गेला आणि वर आला तो पांढराफटक पडून. कोपऱ्यातल्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत तडा गेला होता, करंगळी आत जाईल एवढा, आणि बाजूची भिंत ओली झाली होती. मग थोरला टॉर्च घेऊन बघून आला आणि जेवता जेवता त्याने निकालच देऊन टाकला. म्हणे पाया खचला, आता घर विकावं, दोन फ्लॅट घ्यावेत, एक तुला, एक मला. आणि आई? तर आई अर्धं वर्ष इकडे, अर्धं वर्ष तिकडे. म्हणजे मी गरम कपड्यांची ट्रंक, थंडीत काढायची आणि उन्हाळ्यात माळ्यावर टाकायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त होती. हे घर आमच्या ह्यांनी उभं केलं, आणि त्याच्या विटांवर मी स्वतः पाणी मारलंय, पोटात थोरला असताना. माझी दोन्ही मुलं या एका छपराखाली आहेत, याहून मला आयुष्यात काही नको होतं. सुनांकडे बघितलं, तर थोरली म्हणाली की बरंच होईल, निदान माझे डबे जागेवर राहतील. धाकटी म्हणाली की मी तर दिवसभर खिडकी उघडी टाकीन. झालं. मी ताटावरून उठले.

धाकट्याने तरीही एक गवंडी बोलावला. हा गवंडी काठीसारखा सरळ आणि खिशात सदा भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा, म्हणून आम्ही त्याच्यामागे त्याला ओळंबाच म्हणायचो. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा पट्टा म्हणाल तर अखंड चालू. त्याने घराला बाहेरून फेरी मारली आणि त्याला पहिल्याच कोपऱ्यात चोर सापडला. छपराचं पाणी खाली आणणारा पाइप मधेच फुटला होता आणि सगळं पाणी थेट घराच्या पायात मुरत होतं. पाइप त्याने त्याच आठवड्यात बदलला, माती ठोकून उतार करून दिला. पण भेग मात्र भरेना. म्हणाला, आधी भिंत अजून सरकतेय की बसली, ते कळू दे. सरकत्या भिंतीत सिमेंट भरणं म्हणजे रांगत्या पोराच्या पायात बूट घालणं.

मग त्याने भेगेवर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या लावल्या. एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या, आणि एक पार छताला टेकून. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते, असं ते गणित. मुलांचं ठरलं की पाऊस संपेपर्यंत थांबायचं. पट्ट्या टिकल्या तर भेग भरून इथेच राहायचं, फुटल्या तर घर विकायचं.

चहा पिताना ओळंब्याने मला आपला उजवा अंगठा दाखवला. तरुणपणी हातोडीखाली सापडून पार पोळपाटासारखा चपटा झालेला. ओल्या प्लास्टरवर तो अंगठा दाबतो, हाच आपला शिक्का, असं मोठ्या ऐटीत सांगत होता. मुलांचं लक्ष घड्याळाकडे होतं. आणि सुना? त्या आत साखरेच्या डब्याला भलतंच झाकण कुणी लावलं, यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्यांच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही.

माझे गुडघे मला तळघरात जाऊ देत नाहीत. म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि पावसाचे सगळे दिवस तिथेच बसून काढले. सांगताना सांगायची की इथे उजेड बरा आहे. त्या दिवसांत सुनांना तळघरात एकाएकी भारी कामं निघू लागली. थोरली बादली आणायला जाई, धाकटी ती ठेवायला. हातात प्रत्येकीच्या टॉर्च. मी विचारी, "काच?" आणि उत्तर येई, "आहे." तेही असं, की जणू मेलेल्या पालीबद्दल विचारलंय.

मी काय ते ओळखलं. कधी एकदा फुटतेय आणि कधी एकदा वेगळ्या होतोय, हेच बघायला जात असणार दोघी. घास गोड लागेना. एकदा थोरली पांढरे हात घेऊन वर आली, मी विचारलं तर म्हणाली पीठ आहे. तळघरात कोण कणीक मळतं, हे तेव्हा मला सुचायला हवं होतं, पण माझं डोकं त्या दोन फ्लॅटमध्ये अडकलं होतं.

पाऊस संपला आणि ओळंबा आला. मी मुलांना बजावलं, माझ्या घराचा निकाल मी वर बसून ऐकणार नाही, मला खाली न्या. दोघांनी खुर्चीसकट उचलली. मागून थोरली सांगतेय डावीकडे घ्या, धाकटी सांगतेय उजवीकडे घ्या, आणि मधे मी जीव मुठीत धरून. पण पोचले.

ओळंबा खालच्या पट्टीपाशी वाकला. अख्खी. मधलीही अख्खी. धाकट्याने सुस्कारा सोडला. माझे डोळे भरूनच आले होते, तेवढ्यात ओळंब्याची बडबड थांबली. त्याने चष्मा चढवला, आपला अंगठा प्लास्टरवर टेकवून पाहिला, मग दुसऱ्या पट्टीवर.

"हे माझे अंगठे नाहीत," तो म्हणाला.

खालच्या गोळ्यांवर बारीक, गोल अंगठा होता, नखाची कोर उमटलेली. मधल्या गोळ्यांवर रुंद, आणि त्यावर आडवी रेघ. ओळंब्याचं म्हणणं पडलं की कुणीतरी पट्ट्या बदलल्या, आता भिंत हलली की नाही ते या काचांवरून कळायची सोय राहिली नाही. थोरला धाकट्याकडे बघू लागला, धाकटा थोरल्याकडे. मी मात्र सुनांकडे बघत होते, कारण दोघींचे हात पाठीमागे गेले होते. चोराच्या मनात चांदणं.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

धाकटीचा अंगठा खालच्या खळग्यात चपखल बसला. थोरलीचा मधल्या, सुरी लागलेल्या जुन्या खुणेसकट. पितळ उघडं पडलं ते असं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोरली रोज काच घट्ट आहे ना म्हणून दाबून बघायची, आणि एक दिवस तिच्याच बोटाखाली कट्कन गेली. धाकटीला धुळीतून तडा दिसेना, म्हणून ती फडक्याने पुसायला गेली आणि फडकं अडकून काच गेली. ओळंब्याचं उरलेलं सामान फळीवर होतंच. दोघींनी एकमेकींना न सांगता नवी पट्टी लावली, अंगठा दिसला म्हणून अंगठाही उठवला, आणि तोंडाला कुलूप.

"पण तुम्हाला तर वेगळी घरं हवी होती ना?" मी विचारलं.

"मला हेच घर हवंय, आई," थोरली म्हणाली. "हिच्यासकट."

धाकटी रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली की आता डबा डावीकडेच ठेवत जाईन. मीही रडले, लपवून नाही, चांगली हुंदके देऊन. इतके दिवस मी या पोरींना काय समजत होते, आणि त्या खाली टॉर्च घेऊन माझ्यासारखीच राखण करत होत्या.

थोरल्या मुलाने घसा खाकरला. म्हणाला, हे सगळं ठीक आहे, पण भिंतीचं काय? ठरलं ते ठरलं, पुरावाच नसेल तर मी पोराबाळांना या भिंतीच्या भरवशावर कसं झोपवू? त्याचंही खोटं नव्हतं. आणि तेव्हा मला चहाच्या वेळची ती बडबड आठवली.

"तिसरी पट्टी कुठाय?" मी विचारलं.

सगळ्यांनी वर बघितलं. पार छताशी, जिथे या दोघींचा हात पोचणं शक्यच नव्हतं. ओळंबा शिडी लावून चढला. वरून नुसता टॉर्चचा उजेड हलत होता.

"चपटा," तो म्हणाला. "माझाच आहे. आणि काच अख्खी."

वर कोळ्याने काचेपासून भिंतीपर्यंत जाळं विणलं होतं, तेही शाबूत होतं. भिंत सरकली असती तर आधी ही वरचीच गेली असती, कारण भेग वरच जास्त उघडते, असं त्याने सांगितलं. घर बसलंय, आता हलत नाही. माझा जीव भांड्यात पडला. थोरल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि मान डोलावली. धाकट्याने तर ओळंब्याला शिडीवरच मिठी मारली, दोघं पडायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी भेग भरायला घेतली. ओळंब्याने ती आतून खरवडली, धुतली, आणि खालून वर सिमेंटचा मसाला ठासत गेला. मी खुर्ची खालीच ठेवायला लावली होती. शेवटचा हात फिरवायला तो माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, थांबा, इथे घरातल्या सगळ्यांचे अंगठे उठणार. त्याने कुरकुर केली की माझी सफाई बिघडेल. मी ऐकणारी आहे होय? आधी माझा उठला, मग मुलांचे, आणि मग त्यानेही हसत आपला चपटा शेजारी दाबला.

राहिल्या सुना. धाकटी म्हणाली माझा वर, मी उंच आहे. थोरली म्हणाली वरचा मान थोरलीचा. धाकटी म्हणाली, मान डब्यांत मिळाला तेवढा पुरे नाही का? मसाला वाळायला लागला तरी दोघी मागे हटेनात. मुलं माझी खुर्ची उचलायला आली, जेवायची वेळ झाली म्हणून.

"एवढ्यात नको," मी म्हटलं. "जरा ऐकू द्या."