आठव्या आठवड्याचा धडा

विद्यापीठात मी शिक्षिका नाही, ‘संभाषण-सोबती’ आहे. माझ्या भाषेचा प्राध्यापकच त्यांच्याकडे नाही. त्यामुळे काय शिकायचं ते विद्यार्थ्यानेच ठरवायचं, ध्वनिमुद्रणं ऐकून घोकायचं आणि आठवड्यातून एकदा माझ्यासमोर बोलायचं. मी फक्त उच्चार सुधारायचे. एरवी मी कारखान्यात शर्टांना कॉलर जोडते. उच्चाराची शिवण कुठे उसवली, ते मला बसल्याजागी कळतं.

यंदा विद्यार्थी एकच. तिशीचा, कडक इस्त्रीचा, मला ताई म्हणणारा. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. देश सोडून इथे आल्यापासून सहा वर्षांत माझ्याशी माझ्या भाषेत कोणी बोललं नव्हतं. आई गेली. धाकटा भाऊ सैन्यातून पळाला, तेव्हापासून तिकडेच लपून आहे. कुठे, ते फक्त मला ठाऊक.

पहिल्या आठवड्याला त्याने नमस्कार-चमत्कार निवडले. दुसऱ्याला नातीगोती, तेव्हा मी हौसेने माझीच सांगितली. मग रस्ते, घाट, नदीचे उतार. पाचव्याला “ओळखपत्र दाखवा.” सहाव्याला “घरात किती माणसं आहेत?” तेव्हा मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली. बाजारहाट नाही, हवापाणी नाही, एखादं गाणंसुद्धा नाही!

मी विभागाच्या मॅडमना गाठलं.

“अहो बाई, अभ्यासक्रम त्याचा,” त्या म्हणाल्या. “आपण कशाला नाक खुपसायचं? सरकारी शिष्यवृत्ती आहे त्याला.”

“कुठल्या खात्याची?”

त्या फाईल मिटून चहा सांगायला उठल्या.

तेव्हाच सोडायला हवं होतं. पण आपली भाषा कानावर पडायचा मोह वाईट. आमच्या वाडीचा हेल मीच त्याच्या तोंडी बसवला, अगदी आई बोलायची तसा.

आठव्या आठवड्याला त्याने वहीच उघडली नाही. खिडकीबाहेर बघत, हलकेच, आमच्या भाषेत म्हणाला, “जेवलीस का गं? आणि धाकटा कुठाय?”

आई रोज हेच विचारायची. ते त्याला मीच सांगितलं होतं, तरी त्या क्षणी तीच समोर बसल्यासारखी वाटली.

जिभेला हाड नसतं. “गिरणीमागच्या कोठारात,” मी म्हणाले.

म्हणाले आणि भानावर आले. तो उठला होता. अर्ध्या तासातली वीस मिनिटं अजून बाकी होती.

“येतो, ताई.”

पुढच्या आठवड्याला मी एकटीच बसून राहिले. शेवटी मॅडमनी दारातून डोकावून सांगितलं, परीक्षेला तो बसणार नाही. अभ्यास पूर्ण झाला, असं त्याने कळवलंय.