पाठमोरा नायक

आमच्या डबिंग स्टुडिओत त्या जोडप्याला सगळे दादा आणि ताई म्हणत. नवरा-बायकोला हे शोभत नाही, पण परक्या भाषेतल्या नायक-नायिकांचं प्रेम तीस वर्षं याच दोघांच्या गळ्यातून आमच्या भाषेत उतरत होतं आणि प्रेक्षकांची तक्रार नव्हती. असती तर माझ्याकडेच आली असती. संवाद मी लिहायचो.

त्या दिवशी अबोल्याचा आठवा दिवस होता. दादांनी स्टुडिओच्या मालकाला परस्पर सांगितलं होतं, की हिला आता आईची कामं देत जा, छप्पन्नाव्या वर्षी बाविशीची पोरगी कोणाला पटणार? मालकाच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत ते ताईंच्या कानावर गेलं. त्या भांडल्या नाहीत. हा सिनेमा शेवटचा, एवढंच त्यांनी ठरवलं आणि ते दादांना कळवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी कळवलं. दादा 'बरं' म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत.

एकाच माइकसमोर दोघं उभे राहिले. ताईंच्या गुडघ्याला पट्टा, दादांच्या नाकावर चष्मा, मधे माझा कागद. पडद्यावर दोन कोवळी माणसं पुलावर उभी राहून एकमेकांसाठी प्राण द्यायला निघाली होती. काचेपलीकडून आमच्या तरुण दिग्दर्शिकेने तिसऱ्यांदा थांबवलं.

"मुलगी अगदी खरी वाटतेय हो," ती म्हणाली. "मुलगाच विजेचं मीटर बघायला आल्यासारखा बोलतोय."

ताई घोटभर पाणी प्यायल्या. सावकाश.

दादांनी खापर माझ्यावर फोडलं. 'तुझ्याशिवाय मी जगू शकणार नाही' असं कुठला माणूस बोलतो? मी म्हटलं, मूळ सिनेमातला बोलतो, माझा नाइलाज आहे. शेवटी दिग्दर्शिकेनेच वाट काढली. या वाक्याला नायक पाठमोरा आहे, ओठ दिसत नाहीत, तेव्हा चार सेकंदांत बसेल ते बोला.

पाठमोऱ्या नायकाइतकं स्वातंत्र्य आमच्या धंद्यात कोणालाच नसतं. दादांनी माझा कागद पालथा ठेवला. लाल दिवा लागला, नायकाने पाठ फिरवली.

"मी तसं म्हणायला नको होतं. माझं चुकलं."

नायक सिनेमाभर कोणाला वावगं असं काही बोलला नव्हता. तरी कोणी हसलं नाही. नायिकेला उत्तर नव्हतं, नुसता श्वास घ्यायचा होता. तो ताईंनी घेतला, जरा लांब.

छान झालं, पुढे जाऊ, असं दिग्दर्शिका म्हणाली.

"थांबा," ताई म्हणाल्या. "मला नीट ऐकू आलं नाही. यांना परत म्हणायला सांगा."

दादांनी परत म्हटलं. ते ताईंना घाईचं वाटलं. तिसऱ्या वेळी आवाज पडला, चौथ्या वेळी मनापासून नव्हतं. रेकॉर्डिंगवाल्याने बिघाड शोधायला सगळी बटणं तपासली. त्याचं लग्न व्हायचं होतं.

"अगं, अजून किती वेळा?" दादांनी विचारलं.

"मुलाने आईला असं उलटून विचारू नये," ताई म्हणाल्या.

सातव्या वेळी त्यांना पटलं. बाहेर पडताना त्यांनी दिग्दर्शिकेकडून पुढच्या सिनेमाच्या तारखा घेतल्या. नायिकेचं वय मात्र विचारलं नाही.